पाच तत्त्वज्ञ आणि एक टेबल : सामायिक स्मृतीच्या कथांचे वाचन

संगणकशास्त्राला स्वतःचे असे एक छोटेसे कथावाङ्मय आहे. जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ, गिऱ्हाईक नसले की खुर्चीत डुलकी काढणारा न्हावी, नंबर घेऊन पावासाठी थांबलेली माणसे, एकच मजकूर वाचणारे अनेक वाचक आणि त्याच मजकुरात फेरफार करू पाहणारे लेखक, शहराला वेढा घालून बसलेले आणि एकमेकांच्या निरोपावर विश्वास ठेवू न शकणारे सेनापती. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय घेणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी यांतल्या दोन-तीन कथा तरी परीक्षेपुरत्या पाठ करतो. गोल टेबलाची आकृती काढतो, उत्तर लिहितो, मार्क मिळवतो. कथा म्हणून त्या कोणी वाचत नाही. मी हा विषय बरीच वर्षे शिकवत आले आणि उरलेला वेळ समीक्षा वाचण्यात घालवत आले. या कथांकडे संहिता म्हणून पाहावे, त्यांतली पात्रे कोण आहेत, ती काय करतात आणि मुख्य म्हणजे काय करत नाहीत हे तपासावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. हा लेख त्यासाठी.

या सगळ्या कथांचा विषय एकच आहे : एक वस्तू, आणि ती एकाच वेळी हवी असलेले अनेकजण. संगणकाच्या भाषेत ही वस्तू म्हणजे मेमरीतली एखादी नोंद आणि अनेकजण म्हणजे थ्रेड. एकाच प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी चालणारी कामाची अनेक सूत्रे, त्यांना थ्रेड म्हणतात. दोन वेगळे प्रोग्रॅम म्हणजे दोन बिऱ्हाडे. प्रत्येकाची भांडीकुंडी वेगळी. एका प्रोग्रॅममधले थ्रेड मात्र एका स्वयंपाकघरात वावरणाऱ्या जावांसारखे असतात. चूल तीच, डबे तेच. आमटी उकळते आहे. थोरली येते, चव घेते, मीठ नाही असे तिच्या लक्षात येते आणि ती मिठाचा डबा काढायला वळते. तेवढ्यात धाकटी येते, चव घेते, तिलाही आमटी अळणी लागते. दोघीही मीठ घालतात. दोघींपैकी कोणाचेही काही चुकलेले नाही; प्रत्येकीने आधी चव पाहिली आणि मगच मीठ घातले. तरी आमटी खारट झाली. पाहणे आणि करणे यांच्यामध्ये जी फट असते तिच्यात दुसरे कोणी शिरले, एवढेच घडले.

हेच आकड्यांत पाहू. खात्यावर 10000 रुपये आहेत. एक थ्रेड 2000 काढायला येतो, दुसरा 3000. दोघेही शिल्लक वाचतात : 10000. पहिला वजाबाकी करून 8000 लिहितो, दुसरा 7000. शेवटी ज्याने लिहिले त्याचे खरे. खात्यावर 5000 उरायला हवे होते. उरले 8000 किंवा 7000. याला रेस कंडिशन म्हणतात. तिचा स्वभाव असा की हजार वेळा प्रोग्रॅम चालवा, काही होणार नाही. एक हजार एकाव्या वेळी होईल, आणि शोधायला बसलात की पुन्हा होणार नाही.

या प्रश्नाला शास्त्राच्या पातळीवर पहिल्यांदा नेटके रूप दिले ते एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने. 1965 च्या सप्टेंबरमध्ये छापलेला त्याचा निबंध जेमतेम एका पानाचा आहे. मी तो अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला त्यातल्या उत्तरापेक्षा त्यातल्या अटी जास्त वाचनीय वाटतात. सर्व प्रक्रियांना समान वागणूक हवी. कोणाला जन्मजात अग्रहक्क नाही. कोण किती वेगाने चालतो याविषयी काहीही गृहीत धरायचे नाही. सामायिक वस्तूपासून दूर असताना एखादा थांबला, अगदी कायमचा थांबला, तरी इतरांचे अडता कामा नये. आणि ‘आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही’ असे करत दोघेही दारातच उभे राहतील, अशी नुसती शक्यता उरली तरी ते उत्तर बाद. लखनौच्या नवाबांची आगगाडी ‘पहले आप’मध्ये सुटल्याचा किस्सा आपल्याकडे विनोद म्हणून सांगतात, डाइक्स्ट्राने त्या सौजन्याला दोषांच्या यादीत घातले. अतिनम्रता हीही एक कोंडी आहे, हे ज्याला सुचते त्याला माणसे कळतात असे मी मानते.

पण त्या उत्तरात एक उणीव होती आणि ती डोनाल्ड कनुथने 1966 मध्ये दाखवून दिली. डाइक्स्ट्राच्या पद्धतीत कोणीतरी आत जाईल याची खात्री होती, पण अमुक एकजण कधीतरी आत जाईल याची नव्हती. समूह पुढे सरकत राहील आणि एक दुर्दैवी इसम कायमचा दारात राहील. शास्त्रात याला ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात, उपासमार. समूहाचे भले आणि व्यक्तीची उपासमार या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या दोन निबंधांच्या मधल्या आठ महिन्यांत कागदावर आले.

त्याच 1965 साली डाइक्स्ट्राने एक दीर्घ टिपण लिहिले आणि त्यात ‘सेमफोर’ ही कल्पना मांडली. सेमफोर म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा जुना सिग्नल. त्यावर दोनच क्रिया : एकीला त्याने नाव दिले पी, दुसरीला व्ही. व्ही हे ‘वाढवणे’ या अर्थाच्या डच क्रियापदाचे आद्याक्षर. पी साठी त्याने ‘प्रोलाग’ असा एक शब्दच पाडला, ‘कमी करण्याचा प्रयत्न कर’ एवढ्या अर्थाचा. जगभरची पाठ्यपुस्तके आजही ही दोन डच अक्षरे वापरतात आणि बहुतेकांना ती का, हे ठाऊक नसते.

इथे मला एक समीक्षकी हरकत घ्यायची आहे. सेमफोर हे रूपक रेल्वेतून आले खरे, पण सामायिक वस्तू जपण्यासाठी रेल्वेपाशी त्याहून चांगले रूपक होते. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आपल्याकडेही ‘टोकन’ची पद्धत होती : स्टेशनमास्तर एका यंत्रातून धातूचा गोळा काढून ड्रायव्हरला देई. दोन स्टेशनांच्या यंत्रांची अशी जोडणी असे की एका वेळी एकच गोळा बाहेर निघावा. मोठ्या वेताच्या कडीला लावलेल्या पिशवीतून तो धावत्या इंजिनात झेलला जाताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. गोळा ज्याच्या हातात, मार्ग त्याचा. आणि पुढच्या स्टेशनावर तो त्यानेच परत द्यायचा. सिग्नल कोणाच्या मालकीचा नसतो. तो खाली आहे की वर एवढेच कळते. कोणी पाडला, कोण उचलणार हे त्याच्यावर लिहिलेले नसते. डाइक्स्ट्राच्या सेमफोरचेही तसेच : पी एकाने केला आणि व्ही भलत्यानेच, तरी तो तक्रार करत नाही. त्यातून झालेल्या चुकांना अंत नाही. पुढे ‘म्युटेक्स’ म्हणून जे कुलूप रूढ झाले त्यात ज्याने लावले त्यानेच काढायचे हा नियम आला, म्हणजे सिग्नल जाऊन गोळा आला. रूपक निवडताना झालेली गफलत कधीकधी वर्षानुवर्षे अभियंत्यांना भोवते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता त्या प्रसिद्ध पंक्तीकडे येऊ. मूळ प्रश्न 1965 मध्ये डाइक्स्ट्राने विद्यार्थ्यांना परीक्षेत घातला तेव्हा त्यात तत्त्वज्ञ नव्हते. पाच संगणक होते आणि ते टेप चालवणाऱ्या यंत्रांसाठी झगडत होते. त्याला तत्त्वज्ञांचे कपडे चढवले टोनी होअरने. मग कथा अशी झाली : पाच तत्त्वज्ञ गोल टेबलाभोवती बसले आहेत. प्रत्येकाचे आयुष्य दोन क्रियांचे, विचार करणे आणि जेवणे. मध्ये स्पॅगेटी आहे, आणि ती अशी गुंतागुंतीची की खायला दोन काटे लागतात. काटे मात्र पाचच, दर दोघांच्या मध्ये एक. सर्वांना एकाच वेळी भूक लागली, प्रत्येकाने आपल्या डावीकडचा काटा उचलला, की उजवीकडचा कोणालाच मिळणार नाही. प्रत्येकाच्या हातात एक काटा, प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो आहे, आणि कोणीही हातातला खाली ठेवत नाही. याला डेडलॉक म्हणतात.

कथा म्हणून ही विलक्षण यशस्वी आहे. एका आकृतीत मावते, ऐकणाऱ्याला लगेच दिसते, आणि तत्त्वज्ञांना उपाशी मारण्यात एक खट्याळ सूडही आहे. लेस्ली लॅम्पोर्टने पुढे लिहून ठेवले की तत्त्वज्ञांच्या गोंडस कथेमुळे या प्रश्नाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त प्रसिद्धी मिळाली. त्यावरून धडा घेऊन त्याने स्वतःच्या संशोधनासाठी मुद्दाम गोष्ट रचली. सुरुवातीचे वेढा घालणारे सेनापती आले ते त्यातून. आधी त्याने त्यांना अल्बेनियन करायचे ठरवले होते. अल्बेनियाबाहेरही अल्बेनियन लोक असतात, याची कोणीतरी आठवण करून दिली तेव्हा ते बायझंटाइन झाले, कारण त्या साम्राज्यातला कोणी रागवायला शिल्लक नव्हता. शास्त्रज्ञ कथेची ताकद ओळखून असतात, याचा हा पुरावा.

पण या तत्त्वज्ञांकडे नीट पाहा. ते बोलत नाहीत. पाच विचारवंत एका टेबलाशी बसले आहेत, भुकेने मरायची वेळ आली आहे, आणि ‘अहो, जरा तो काटा देता का?’ एवढे कोणी म्हणत नाही. वर्गात हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच, बहुधा मागच्या बाकावरून, आणि सगळे हसतात. माझ्या मते तो कथेवरचा सगळ्यात चांगला समीक्षात्मक शेरा आहे. रूढ उत्तरे तीन. एक वाढपी ठेवावा आणि त्याला विचारल्याशिवाय काटा उचलू नये. किंवा एका वेळी चौघांनाच टेबलाशी बसू द्यावे. किंवा काट्यांना क्रमांक देऊन लहान क्रमांकाचा आधी उचलायचा नियम करावा, म्हणजे शेवटचा तत्त्वज्ञ आपोआप उलट्या हाताचा होतो आणि वर्तुळ तुटते. तिन्हींत बाहेरची व्यवस्था आहे. शेजाऱ्याशी संबंध कुठेच नाही.

तो संबंध आणला के. मणी चंडी आणि जयदेव मिश्र यांनी, 1984 च्या एका निबंधात. त्यांच्या तत्त्वज्ञांना निरोप धाडता येतो. शिवाय काट्याला दोन अवस्था आहेत : स्वच्छ आणि खरकटा. जेवण झाले की हातातले दोन्ही काटे खरकटे होतात. शेजाऱ्याने मागितला आणि आपल्याजवळचा काटा खरकटा असेल, म्हणजे आपले जेवण मागेच होऊन गेलेले असेल, तर तो धुऊन द्यायचा. स्वच्छ असेल, म्हणजे आपण अजून जेवायचे आहोत, तर आपले होईपर्यंत ठेवून घ्यायचा. एवढ्या दोन नियमांत डेडलॉकही जातो आणि उपासमारही. फक्त सुरुवातीला काटे वाटताना कोणी कोणाच्या आधी, याचे वर्तुळ होऊ द्यायचे नाही. ज्याचे नुकतेच जेवण झाले तो आपोआप मागे सरतो. चंडी मद्रासच्या आयआयटीचे, मिश्र कानपूरच्या. नंतर दोघेही अमेरिकेत गेले. उष्ट्याखरकट्याची कल्पना भारतीय घरातून आली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण त्याला आधार नाही आणि तो मी काढत नाही. मात्र मूळ कथा वाचताना मराठी वाचकाला पहिली जी गोष्ट खटकते, की हे शेजारी एकमेकांचे उष्टे काटे तसेच तोंडात कसे घालतात, तीच या निबंधात उत्तराची किल्ली झाली आहे. कथेतला दुर्लक्षित तपशील गंभीरपणे घेतला की कथा पुढे जाते. समीक्षकाने याहून वेगळे काय करायचे असते?

न्हाव्याच्या कथेवर मी फार थांबत नाही. ती पाठवलेली हाक वाया जाण्याची कथा आहे, ठीक आहे. वाचक आणि लेखकांची कथा 1971 ची, कूर्त्वा, हेमन्स आणि पार्नास या तिघांची. वाचक कितीही एकत्र वाचू शकतात, लेखक मात्र एका वेळी एकच, आणि तेव्हा वाचक नकोत. वाचकांना झुकते माप दिले तर त्यांची रांग संपत नाही आणि लेखक उपाशी राहतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी यावर भाष्य करू नये.

लॅम्पोर्टची 1974 ची पावाच्या दुकानाची कथा मात्र थांबून वाचावी अशी आहे. त्याच्या लहानपणी शेजारच्या बेकरीत गिऱ्हाइकांना नंबर मिळत. त्यावरून त्याला ती सुचली. आपल्या बँकांत खिडकीवर पितळी टोकन मिळायचे, तीच रीत. पण संहिता बारकाईने वाचली तर लक्षात येते की या दुकानात नंबर देणारा कोणीच नाही. गिऱ्हाईक आत येते, बाकी सगळ्यांच्या हातातले नंबर स्वतः पाहते, आणि सगळ्यांत मोठ्यापेक्षा एक जास्त असा नंबर आपला आपण धरते. दोघांनी एकदमच पाहिले तर दोघांचा नंबर एकच येऊ शकतो. मग नावाच्या क्रमाने लहान तो आधी. शिवाय प्रत्येकाने फक्त आपल्याच पाटीवर लिहायचे, दुसऱ्याची पाटी नुसती वाचायची. यातली आश्चर्याची गोष्ट अशी : एखादा आपला नंबर लिहीत असतानाच दुसऱ्याने तो वाचला आणि त्याला भलताच आकडा दिसला, तरी ही पद्धत बिघडत नाही. तोवरची उत्तरे असे धरून चालत होती की निदान एक आकडा लिहिणे किंवा वाचणे तरी अखंड घडते. म्हणजे कुलूप बनवण्यासाठी आधी एक छोटे कुलूप गृहीत धरलेले होते. लॅम्पोर्टने ते काढून टाकले. दुकानदाराशिवायचे दुकान आणि कोणावरही न सोपवलेली रांग, ही माझ्या दृष्टीने या वाङ्मयातली सर्वांत धीट कल्पना आहे. तिला ‘बेकरी’ असे घरगुती नाव मिळाले आणि त्यामुळे तिच्यातले धाडस झाकले गेले, ही माझी तक्रार.

आता या सर्व कथांवरचा मुख्य आक्षेप. त्या सगळ्यांमध्ये टेबल एकच असते, आणि ते सर्वांना सारखे दिसते. काटा उचलला की उचलला. टेबलाच्या पलीकडच्या माणसालाही तो उचललेला दिसतो. प्रत्यक्षात तसे नाही. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात आणि प्रत्येकापाशी मेमरीतल्या मजकुराच्या स्वतःच्या नकला असतात, शिवाय लिहायच्या गोष्टी तात्पुरत्या साठवण्याची एक छोटी जागा. त्याने लिहिले म्हणजे आधी तिथे लिहिले. बाकीच्यांना ते थोड्या वेळाने दिसते. मधल्या काळात तो पुढचे वाचून मोकळाही होतो. समजा, दोघांनी ठरवले : प्रत्येकाने आधी आपला हात वर करायचा, मग दुसऱ्याचा हात वर आहे का पाहायचे. साध्या तर्काने दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याचा हात दिसलाच पाहिजे. नेहमीच्या इंटेल प्रोसेसरवरसुद्धा असे घडू शकते की दोघांनी हात वर केले आणि दोघांनाही समोरचा हात खाली दिसला. डेकरचे, पीटरसनचे, लॅम्पोर्टचे, ही सारी उत्तरे याच ‘हात वर कर, मग पाहा’वर उभी आहेत. प्रोसेसरला वेगळी आज्ञा देऊन थांबवले नाही तर त्यांतले एकही टिकत नाही.

लॅम्पोर्टने 1979 मध्येच या गृहीताला नाव दिले, सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी : सर्वांच्या कृती जणू एकाच रांगेत, प्रत्येकाच्या आपापल्या क्रमाने घडल्या असे दिसणे. नाव द्यावे लागले, कारण ते आपोआप मिळत नाही हे तेव्हाच कळले होते. पाठ्यपुस्तकातल्या कथा मात्र टेबल सर्वांना सारखे दिसते असेच सांगत राहिल्या. त्याहून चमत्कारिक गोष्ट भाषांची. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत लोक वर्षानुवर्षे थ्रेड वापरत होते. त्या भाषांच्या अधिकृत व्याख्येत थ्रेड हा शब्द आला 2011 मध्ये. तोवर एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला केव्हा दिसेल, या प्रश्नाला भाषेपाशी उत्तरच नव्हते. जावाने 1995 पासून उत्तर दिले होते, पण ते सदोष निघाले आणि 2004 मध्ये पुन्हा लिहावे लागले. ज्या भाषेत बोलतो तिच्यात ‘आपण’ या सर्वनामाचा अर्थ ठरलेला नसावा, आणि तरी करार होत राहावेत, तसा हा प्रकार.

या गोंधळातून जो मार्ग निघाला त्याच्या केंद्रस्थानी सरिता अडवे यांचे काम आहे. पवईच्या आयआयटीतून 1987 मध्ये पदवी घेऊन त्या विस्कॉन्सिनला गेल्या, आणि 1990 मध्ये मार्क हिल यांच्यासह त्यांनी जे मांडले त्याचे सार असे : यंत्राने सर्वांना एकच टेबल दाखवण्याचे वचन सरसकट देऊ नये. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सामायिक वस्तूंभोवती नीट कुलपे लावली, तर त्याला टेबल एकच असल्यासारखे दिसेल. नाही लावली, तर काय दिसेल याची हमी नाही. हा करार आहे, दोन्ही बाजूंना बांधणारा. जावाच्या आणि सी प्लस प्लसच्या नव्या व्याख्या याच कराराच्या पायावर उभ्या आहेत आणि त्या घडवण्यात अडवे स्वतः होत्या. म्हणजे सामायिक वास्तव ही आधीपासून मांडून ठेवलेली वस्तू नाही. शिस्त पाळली तर आणि तेवढ्यापुरतीच ती मिळते. माझ्या वाचनात हे या सगळ्या विषयातले सर्वांत खोल विधान आहे, आणि त्याला अजून कोणी गोष्ट रचलेली नाही.

गोष्ट नसलेली आणखी एक जागा आहे. तत्त्वज्ञांची कथा कोंडीची, न्हाव्याची चुकलेल्या हाकेची, वाचक-लेखकांची उपासमारीची. या सगळ्या बिघाडांत पात्राला आपले बिघडले हे कळते : पोटात भूक आहे, ताट समोर आहे. सुरुवातीला सांगितलेल्या खारट आमटीची, म्हणजे रेस कंडिशनची, प्रसिद्ध कथा नाही. कारण तिच्यात पात्रांना काही जाणवतच नाही. दोघी जावा आपले काम चोख झाले असे समजून निघून जातात. कळते ते जेवणाऱ्याला. आणि या कथावाङ्मयात जेवणारा, म्हणजे थ्रेडांच्या बाहेर बसलेला तिसरा माणूस, कुठेच नाही.

वास्तवात तो होता. थेरॅक-25 हे कॅनडात बनलेले किरणोपचाराचे यंत्र. जून 1985 ते जानेवारी 1987 या काळात त्यातून सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा दिली गेल्याची नोंद आहे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी 1993 मध्ये त्याची जी चिकित्सा छापली ती मी या विषयावरचे सर्वोत्तम गद्य मानते. टेक्ससमधल्या टायलर गावी मार्च 1986 मध्ये काय झाले ते असे : तंत्रज्ञ बाईंनी इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ऐवजी सवयीने एक्स-रेचा ‘एक्स’ दाबला, लगेच लक्षात आले, त्यांनी कर्सर वर नेऊन अक्षर दुरुस्त केले. पडद्यावर दुरुस्ती दिसली. पण यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे 8 सेकंद लागत, आणि त्या अवधीत केलेला बदल प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाला कळत नसे. पडदा एक सांगत होता, झोत दुसरेच करत होता. यंत्राने ‘मालफंक्शन 54’ एवढेच कळवले. तीन आठवड्यांनी त्याच रुग्णालयात तेच पुन्हा घडले. दोन्ही रुग्ण दगावले.

या वृत्तांतातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की चूक उमटायला हाताचा सराव लागत होता. नवखा माणूस सावकाश टाइप करतो, 8 सेकंद उलटून जातात, सगळे ठीक होते. जी बाई आपल्या कामात तरबेज झाली, जिची बोटे भराभर चालू लागली, तिच्याच हातून ते घडले. आधीच्या यंत्रांत झोत अडवणारी स्वतंत्र यांत्रिक कुलपे होती. या यंत्रात ती काढून सारी भिस्त प्रोग्रॅमवर ठेवली होती. त्या प्रोग्रॅममधली कामे मेमरीतल्या खुणा मोकळेपणाने वाचत-लिहीत होती, पी नाही, व्ही नाही. डाइक्स्ट्राचा एका पानाचा निबंध छापून तेव्हा वीस वर्षे झाली होती. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेच्या ईशान्य भागातली आणि कॅनडातली सुमारे 5 कोटी माणसे अंधारात गेली, तेव्हाही ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षातली धोक्याची घंटा रेस कंडिशनमुळे मुकी झालेली होती, आणि ती मुकी आहे हे तिथे बसलेल्यांना बराच वेळ कळले नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र सूर बदलला आहे. वाटून घ्यायचेच कशाला, असे नव्या भाषा विचारतात. होअरने 1978 मध्येच सुचवले होते की प्रक्रियांनी सामायिक वस्तूला हात लावण्याऐवजी एकमेकींना निरोप द्यावेत. 2009 ची गो ही भाषा त्या वाटेने गेली. 2015 मध्ये पक्की झालेली रस्ट ही भाषा तर मालकी आणि उसनवारी हेच शब्द वापरते. प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक. वाचायला उसनी हवी तर कितीही जणांना मिळेल. बदलायला हवी तर एकालाच, आणि तेव्हा वाचणारे नकोत. म्हणजे 1971 चे वाचक आणि लेखकच हे, फक्त आता नियम मोडलात तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. जेवणाच्या टेबलावरून आपण सातबाऱ्यावर आलो. मला या शब्दकळेविषयी थोडी अढी आहे. सामायिकतेचा प्रश्न मालकी हक्काने सोडवणे हे नेहमीच सुखाचे नसते, हे भाऊबंदकी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पण थेरॅक-25 चा वृत्तांत वाचल्यावर ती अढी फार ताणवत नाही. एकाच नोंदीवर दोघांनी बेमुर्वत लिहिण्याचा प्रकार रस्टमध्ये, तुम्ही मुद्दाम ‘असुरक्षित’ असे लिहून परवानगी मागितली नाहीत तर, होत नाही. कोंडी मात्र तिथेही होऊ शकते, कारण दोन कुलपे उलट्यासुलट्या क्रमाने लावायला मालकीचा कायदा हरकत घेत नाही.

म्हणूनच की काय, रस्टच्या अधिकृत पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत तत्त्वज्ञांच्या जेवणावर एक आख्खा धडा होता. एरवी या कथेतल्या तत्त्वज्ञांना नावे नसतात. असतात ते आकडे. या धड्यात त्यांना नावे मिळाली : जुडिथ बटलर, जिल दलूझ, कार्ल मार्क्स, एमा गोल्डमन आणि मिशेल फूको. कोंडी टाळण्यासाठी पाचांपैकी एकाला उलट्या हाताचा करावे लागते, आणि तो मान फूकोला दिला होता. बाकीचे चौघे ज्या क्रमाने काटे उचलतात त्याच्या उलट क्रमाने तो उचलतो, आणि सगळे जेवतात. पुढे तो धडा काढून टाकला गेला.